फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापले?

सायंकाळची_लोकल (धागाकर्ता)

मी एका छोट्या कारखान्यात हिशेब बघतो. दरवर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलासमोर रांग लागते, कारण हातात आलेला पगार शंभर रुपयांनी कमी असतो. यंदा रांगेत सर्वांत पुढे पैठण तालुक्यातला एक पोरगा होता. आयटीआय करून नुकताच लागलेला, महिना साडेबारा हजार. "साहेब, एक खाडा नाही माझा. शंभर कुठं गेले?"

उत्तर मला पाठ आहे. व्यवसाय कर, पगारपत्रकावर ज्याला 'पीटी' म्हणतात तो. अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, बेरीज २५००. संविधानाच्या २७६ व्या कलमानुसार हा कर एका माणसाकडून वर्षाला २५०० च्या वर घेता येत नाही. बारा महिने दोनशेच घेतले तर २४०० होतात, शंभर राहून जातात. ते सरकार फेब्रुवारीत वसूल करून घेतं.

पोरगा सोडेना. "मग हे पैसे जातात कुठं?" म्हटलं, बाबा रे, बहात्तरच्या दुष्काळानंतर रोजगार हमी सुरू झाली, तिला पैसा हवा म्हणून १९७५ साली हा कर आला. शहरात पगार घेणाऱ्यांनी थोडे द्यायचे, त्यातून गावाकडं काम काढायचं. तो हसायलाच लागला. "माझी आजी होती की रोजगार हमीवर, खडी फोडायला. म्हणजे आजीची मजुरी मी फेडतोय होय?"

त्या वेळी मीही हसलो. नंतर लोकलमध्ये बसून मोबाइलवर आकडेमोड केली. पोराचा वर्षाचा पगार दीड लाख. त्यावर २५०० म्हणजे शंभर रुपयांमागे एक रुपया सहासष्ट पैसे. आमच्या मोठ्या साहेबांचे साठ लाख धरले, तर त्यांचे शंभराला चार पैसे. रक्कम दोघांची तीच. ज्या कराचा उद्देश वरच्याकडून घेऊन खालच्याला देणं हा होता, तो खडी फोडणारीच्या नातवाला साहेबापेक्षा चाळीस पट जड जातोय. टीव्हीवर संपत्तीच्या फेरवाटपावरून रोज मारामाऱ्या चालतात, त्यात ह्या दोनशे रुपयांचं नाव मी कधी ऐकलं नाही. म्हणून धागा काढला.

तिरकस

पहिला! कर + राजकारण = शंभरी नक्की. चहा टाकून येतो, तोवर भांडून घ्या.

सीए_बाई

धागाकर्त्यांचं गणित बरोबर आहे, थोडी भर घालते.

आपल्याकडे पुरुषांना महिना ७५०० पर्यंत कर नाही, दहा हजारांपर्यंत १७५ आणि दहा हजारांच्या वर सरसकट २००. दहा हजार एक घेणारा आणि दहा लाख घेणारा एकाच रांगेत. स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत माफ आहे. नोकरी नसून स्वतःचा धंदा असेल तर 'पीटीईसी', म्हणजे ह्या कराचं नोंदणी प्रमाणपत्र, काढून वर्षाचे २५०० एकदम भरायचे. त्या वर्षी धंदा बुडाला असला तरी.

२५०० च्या मर्यादेचीही एक गंमत आहे. आधी ती वर्षाला २५० होती. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने दहापट केली आणि तेव्हापासून ती हललेली नाही. १९८८ ला तोळाभर सोनं तीन हजारांच्या आसपास मिळत होतं. आज लाखाच्या वर आहे. म्हणजे तेव्हा मोठा पगारदार जवळपास पाऊण तोळा सोनं देत होता आणि आता अडीच गुंजाही देत नाही. खालच्या पगारवाल्यांचं मात्र उलटं झालंय. १९८८ ला महिना दहा हजार मिळवणारा बडा अधिकारी असायचा, आज तो शिकाऊ कामगार आहे.

जाता जाता, प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत ह्या २५०० ची वजावटसुद्धा मिळत नाही.

उपरा_गुरगावकर

मी पुण्यात अकरा वर्षं हा कर भरला. आता गुरगावला आहे, इथे हा कर नाहीच. दिल्लीतही नाही. तिथे रस्ते नाहीत की दवाखाने नाहीत?

मूळ दुखणं वेगळं आहे. पगारदार हा सरकारला सर्वांत सोपा मिळणारा बकरा. पैसा हातात पडायच्या आधीच कापलेला असतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त, अर्धा बाजार रोखीत, आणि आम्ही मात्र फॉर्म १६ घेऊन उभे. वर लाडकी बहीण. महिना दीड हजार, कामाची अट नाही. निदान रोजगार हमीत घाम तरी गाळावा लागायचा. हे फेरवाटप नाही, ही मतांची आगाऊ उचल आहे.

मोसंबीवाला

गुरगावकर भाऊ, मी जालन्याचा. तुमच्या अकरा वर्षांच्या पीटीतली काही झाडं माझ्या शेतात उभी असतील, म्हणून आधी राम राम घ्या.

१९९० च्या सुमारास रोजगार हमीला फळबाग जोडली. खड्डे खणायची, झाडं लावायची, जगवायची मजुरी योजनेतून. कोकणात आंबा-काजू, सोलापूरकडं बोर-डाळिंब, आमच्याकडं मोसंबी. वडिलांनी दोन एकर लावली. त्याआधी त्या रानात बाजरीशिवाय काही येत नव्हतं. पुढं मोसंबी विकून मी शिकलो, आज माझ्याही पगारातून दोनशे कापतात. धागाकर्त्यांच्या पोरासारखंच म्हणा, पण मला त्याचं हसू येत नाही आणि रडूही येत नाही. घेतलं होतं, देतोय.

आणि गावानं काहीच दिलं नाही हे चूक आहे. रोजगार हमीसाठी एकटा पीटी नव्हता लावला. मोठ्या जमीनधारकांचा शेतसारा वाढवला, ओलिताच्या जमिनीवर विशेष आकारणी लावली, मोटारगाड्यांवर, विक्रीकरावर जास्तीचा बोजा टाकला. शहरातल्या दुकान-ऑफिसच्या मालमत्ता कराच्या बिलावर 'रोजगार हमी उपकर' अजून छापून येतो, बघा कधी. जेवढं ह्या करांतून जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्याकडून घालायची, असं ठरलं होतं.

शेतीवरच्या प्राप्तिकराचं म्हणाल, तर तो लावायचा अधिकार संविधानानं राज्यांना दिलाय. कुठल्या आमदाराची छाती आहे ते तुम्हीच सांगा.

आक्का_विटेकर

मी सहसा पाककृतींच्या धाग्यांवर असते, पण बहात्तर म्हटल्यावर राहवलं नाही.

मी नऊ वर्षांची होते. विट्याच्या बाजूला गाव आमचं. विहिरी तळाला गेलेल्या, दारची जनावरं छावणीला. आई आणि मोठी काकू नालाबंडिंगच्या कामावर जायच्या, मी धाकट्याला कडेवर घेऊन मागनं. तिथं पोरांना सुकडी मिळायची. ओंजळीत घेऊन खायची, तोंडाला कोरडं पडायचं. घरी मिलोच्या तांबड्या भाकरी. ती मिलो अमेरिकेतनं येते हे मला फार नंतर कळलं, तेव्हा वाटायचं सरकारचं धान्यच तांबडं असतं.

तुम्ही कर आणि टक्के सांगता ते मला जेमतेम कळतं. मला आठवतो तो हजेरीपट. मुकादम नाव पुकारायचा. आमच्या घरी आईला कुणी नावानं हाक मारत नसे. कुणाची आई, कुणाची सून, कुणाची वैनी. तिथं तिचं नाव मोठ्यानं घेतलं जायचं आणि आठवड्याचे पैसे तिच्या हातात पडायचे, तिच्या अंगठ्यावर. वडिलांचा अंगठा चालत नसे. पुढं चार-पाच वर्षांनी कायदा झाला तेव्हा आमच्याकडं माणसं म्हणायची, आता काम मागितलं तर सरकारला द्यावंच लागतंय.

ही कल्पना ज्यांची, ते वि. स. पागे आमच्या शेजारच्या तासगाव तालुक्यातले, विसापूरचे. विधान परिषदेचे सभापती होते. दुष्काळाच्या बऱ्याच आधी, १९६५ ला, त्यांनी आपल्याच भागात ही योजना लहान प्रमाणावर करून बघितली होती.

गुरगावकर, घाम गाळावा लागायचा म्हणता ते खरं आहे. पण दुपारच्या उन्हात बाईनं पोटुशीपणी माती वाहिली, ह्याचं एवढं कौतुक नको. ते आम्ही बघितलंय.

तिरकस

आक्का, साष्टांग.

(चहा गार झाला.)

शून्य_मैल

आक्कांचा प्रतिसाद वाचून लिहायचं जिवावर येतं, तरी लिहितो. राजे हो, सरकारला पाझर फुटला म्हणून हे झालं नाही.

१९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात पन्नास लाखांच्या घरात माणसं दुष्काळी कामांवर होती. ती मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर येऊन बसली असती तर काय झालं असतं? कारखानदाराला आणि शहरातल्या मध्यमवर्गाला हा सौदा स्वस्त होता. गावातल्या बड्या शेतकऱ्यालाही चांगलाच होता. मजुराला मजुरी मिळाली, पण पाझर तलावाचं पाणी गेलं ज्याची विहीर खाली होती त्याच्या विहिरीत. रस्ता झाला तो उसाच्या ट्रकसाठी. भूमिहीनाकडं विहीरच नव्हती बाप्पा! म्हणून तर १९७७ चा कायदा दोन्ही सभागृहांत एकमतानं झाला. सगळ्यांचं भलं होणार असलं की एकमत होतंच. अंमल सुरू झाला २६ जानेवारी १९७९ पासून.

तरीही मी ह्या सौद्याला नावं ठेवत नाही. कोणी दिलं, कशासाठी दिलं आणि कुठं लागलं, हे तिन्ही दिसत होतं. आता २०१५ आठवा. दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर सेस लावला. पुढच्या वर्षी पाऊस आला, सेस काही गेला नाही, उलट वाढत गेला. रोजगार हमीसाठी गोळा झालेला पैसा पूर्ण त्या निधीत जात नाही, हे कॅगनं सांगून झालंय. २००५ च्या केंद्राच्या कायद्यानंतर अकुशल मजुरीचा मोठा भाग दिल्लीहून यायला लागला. तुमच्या त्या पोराचे शंभर रुपये कुठल्या खड्ड्यात पडले, हे मंत्रालयातला सचिवही बोट ठेवून सांगू शकणार नाही.

आणि कर एकदा आला की जात नाही, हे फक्त लहान माणसाच्या कराला लागू आहे. मोठ्यांचे जातात. वारसाहक्कावरची इस्टेट ड्युटी १९५३ ला आली, वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत होता, १९८५ ला विश्वनाथ प्रताप सिंहांनी अर्थमंत्री असताना काढली. संपत्ती कर १९५७ चा, तो २०१५ च्या अर्थसंकल्पात जेटलींनी काढला. पीटी मात्र आपला चालू.

सीए_बाई

शून्य_मैल, तुमचा शेवटचा परिच्छेद टाळ्या घेणारा आहे, पण अर्धाच खरा.

संपत्ती करातून २०१३-१४ ला अख्ख्या देशात मिळाले १००८ कोटी. देशाच्या मानाने चिल्लर. त्यापायी दागिन्यांचं मूल्यांकन, गाड्यांचं मूल्यांकन, दुसऱ्या घराचे वाद, कोर्टकचेऱ्या. मी सीएची उमेदवारी करत असताना ते तक्ते भरलेत, एका तक्त्यात आजेसासूबाईंच्या पाटल्या कुणाच्या नावावर धरायच्या ह्यावर दोन दिवस गेले होते. जेटलींनी तो काढताना एक कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला, आणि त्यातून सुमारे नऊ हजार कोटी येतील असं सांगितलं. म्हणजे श्रीमंतांचा कर गेला नाही, सोपा होऊन वाढला. इस्टेट ड्युटीचंही तेच. शेवटी शेवटी वर्षाला जेमतेम वीस कोटी येत होते.

२०२४ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या सॅम पित्रोदांच्या एका वाक्यावरून वारसा कराचं केवढं रण माजलं. मंगळसूत्रापर्यंत गेलं सगळं. त्या गदारोळात हा कर आपल्याकडे बत्तीस वर्षं होता, हे सांगणारा एकही माणूस माझ्या टीव्हीवर दिसला नाही.

शून्य_मैल

ताई, अधिभार उत्पन्नावर आहे. ज्याचं उत्पन्न कागदावर कमी आणि संपत्ती डोंगराएवढी, तो सुटला की नाही? शेअर न विकता वाढत राहिले तर कर शून्य. पिढी बदलली तरी शून्य. तुमच्या नऊ हजार कोटींत तो नाही.

सीए_बाई

सुटला. हे मान्य. पण संपत्ती कर होता तेव्हाही तो सुटतच होता, कारण शेअर त्या करात १९९३ पासून धरतच नव्हते. अडकायचा तो पाटल्यावाला.

चिंचगुळ

लाडक्या बहिणीवर कुणीच बोललं नाही, मी बोलते.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी चार घरं करतात. त्यांना दीड हजार येतात, त्यांनी त्यात भिशी लावली आणि पहिल्या भिशीत शिलाई मशीन घेतलं. गुरगावकर म्हणतात कामाची अट नाही. मावशी पहाटे पाणी भरतात, सासूचं अंथरूण-पांघरूण करतात, मग चार घरं. अजून कुठली अट घालायची? आक्कांच्या आईला पैसे मिळवायला नऊ वर्षांच्या मुलीच्या कडेवर बाळ द्यावं लागलं. ते काम कुठल्या हजेरीपटावर होतं?

उपरा_गुरगावकर

चिंचगुळ ताई, मावशींबद्दल आदर आहे. आकडे बघा फक्त. २०२४-२५ ला योजनेसाठी ४६ हजार कोटींची तरतूद सांगितली. एका बहिणीचे वर्षाचे १८ हजार, म्हणजे सात पगारदारांचा वर्षभराचा पीटी एकीला, तरी पाचशे कमीच. आणि ४६ हजार कोटी निव्वळ पीटीतून काढायचे तर अठरा कोटी चाळीस लाख माणसं लागतील. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्याच सव्वाअकरा कोटी! तान्ह्या बाळाच्या पाळण्यालाही पीटीईसी लावलं तरी पुरायचं नाही. उरलेलं कर्जातून. राज्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे जातंय. ते फेडणार कोण? त्याच मावशींची मुलं.

रोजगार हमी आणताना आधी कर लावले, कोण देणार ते सांगितलं. लाडकी बहीण आणताना कुणावर काय लावलं ते सांगा, मी गप्प बसतो.

चिंचगुळ

हा मुद्दा मात्र पटला. दुर्दैवाने.

पण मावशी काहीच भरत नाहीत हे मनातून काढून टाका. तेल, साबण, मोबाइलचं रिचार्ज, सगळ्यावर जीएसटी भरतात. कमाई सगळीच्या सगळी खर्च होते, त्यामुळे कमाईच्या मानाने तुमच्यापेक्षा जास्तच भरत असतील.

मोसंबीवाला

+१. आणि पेट्रोलवरचा दुष्काळ सेस आमचा दुधाचा टेम्पोही भरत होता. दुष्काळ आमचाच, सेसही आमचाच.

सायंकाळची_लोकल (धागाकर्ता)

एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. आक्कांचा प्रतिसाद आज त्या पोराला वाचून दाखवला. त्याची आजी हयात आहे, तिला मुकादमाचं नाव अजून आठवतं म्हणे.

पण पोरगा बेरकी आहे. त्याच्या शेजारच्या मशीनवर त्याच्याच तालुक्यातली एक मुलगी आहे, पगार तोच. तिचा पीटी शून्य. त्याने दोन्ही पगारपत्रकं माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवली आणि काही न बोलता उभा राहिला.

सीए_बाई, एक सांगा. वरची मर्यादा वाढवायची तर संसदेत जावं लागेल. खालची कोणाच्या हातात आहे?

सीए_बाई

खालची पूर्ण राज्याच्या हातात. स्त्रियांची मर्यादा दहा हजारांवरून २५ हजारांवर नेली ती राज्यानेच, अर्थसंकल्पात जाहीर करून. पुरुषांची तशीच न्यायला घटनादुरुस्ती लागत नाही, एक ओळ बदलावी लागते. पण ह्या मुलासारखे किती असतील ते बघा, त्या ओळीची किंमत तिजोरीला केवढी पडेल ते कळेल. वरच्यांकडून २५०० च्या पुढे घेता येत नाही, म्हणून खालच्यांना सोडवत नाही. मर्यादेची ही खरी गोम आहे.

शून्य_मैल

हे कोणाच्याही जाहीरनाम्यात येणार नाही, लिहून ठेवा. दोनशे रुपयांवर कोणी मोर्चा काढत नाही.

आक्का_विटेकर

आमच्या वेळी मजुरी थोडी वाढावी म्हणून काढलाय बाबा. विट्याच्या तहसीलवर. आई होती त्यात.

तिरकस

धागा भरकटण्याआधी एक कामाचा प्रश्न. माझे सासरे पाटबंधाऱ्यात ओव्हरसियर होते, त्यांच्या नोकरीची निम्मी वर्षं रोजगार हमीचे पाझर तलाव मोजण्यात गेली. निवृत्तीनंतर छोटी कन्सल्टन्सी काढली, पीटीईसी घेतलं, दरवर्षी २५०० भरतात. आता ६९ पूर्ण आहेत. भरत राहायचं का?

सीए_बाई

अहो, ६५ पूर्ण झाल्यावर हा कर लागतच नाही. राज्याच्या जीएसटी विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी रद्द करायचा अर्ज करा, वयाचा पुरावा जोडा. इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही?

तिरकस

आत्ताच फोन करून सांगितलं. धागा वाचून दाखवला, आक्कांचा प्रतिसाद दोनदा. म्हणाले, ते सगळं ठीक आहे, चार वर्षांचे दहा हजार परत मिळतात का ते त्या बाईंना विचार आधी.